मधी बोलू नको

१९ एप्रिल

धम्मपाल, जय भीम.

इथं सगळे बरे हायेत. खुशाली एवढीच, आता कामाचं.

फोन सोडून कागद काहून लिहून राह्यलो, ते आधी सांगतो. फोनवर तू मला बोलू देत न्हाईस. मी 'पोरगी' म्हणलो की तू 'दादा, तुम्हाला त्यातलं कळत न्हाई' म्हणतोस. परवा मी नुसतं 'आरं ऐक, आरं ऐक' करत राह्यलो अन् तू ठेवून दिला. कागदाला मधी बोलता येत न्हाई. मी सातवीपस्तोर शिकलेला पेंटर माणूस. माह्या लिहिण्यातलं चूक-बराबर तुहं तू बघ, तू मास्तर हायेस. राजानंदची जीप रोज सकाळी नव्या जालन्याला जाते. तो स्टेशनापाशी तुह्या हातात देईन.

मोनाली खाते, पिते, शेळीचं पिल्लू मांडीवर घेऊन बसते. तुह्या मायसंग बोलते, माह्यासंग अर्धंमुर्धं. भायेरचं कोणी आलं की तोंडाला कुलूप. काल शेजारची उषाबाई आल्ती, "कितवीला गेली गं नात?" म्हणून विचारलं, तर पोरगी भितीला चिकटली. तुह्या मायनंच सांगितलं, पाचवी झाली म्हणून.

तू मला फोनवर विचारतोस, पोरीला एकदम झालं काय. मला विचारतोस. तू तिथंच व्हता की.

जयंतीला झालं. सगळी वस्ती बसलेली, माईक लावलेला, पोरगी पांढरा फ्रॉक घालून स्टुलावर उभी. हर साल लेकरं भाषणं करतात, कोणी अडखळतं, कोणी रडतं, कोणी अर्ध्यातून पळून जातं अन् लोक हसून टाळ्या वाजवतात. आपल्या वस्तीत भाषणात अडखळलं म्हणून कोणी मेलं न्हाई. मोनाली चांगलं बोलत व्हती. खणखणीत. मंग एका ठिकाणी थांबली. थांबली, बस एवढंच. तेवढ्यात तू पहिल्या लाईनीतून उठला, स्टेजवर चढला, लेकराच्या तोंडासमोरचा माईक काढून घेतला अन् म्हणला, "मोनाली जरा घाबरली आहे, हरकत नाही, तिच्यासाठी जोरदार टाळ्या." अन् उरलेलं भाषण तूच करून टाकलं. हात वर करकरून. ती तशीच स्टुलावर उभी, तुह्या बाजूला, चित्रातल्यासारखी.

वरून कमिटीनं तिला बक्षिसाचा कप दिला. भाषण बापाचं अन् कप पोरीला. तिनं तो तिथंच ठेवला अन् गेली. शेळ्यांच्या खोपीत सापडली. तिथं येऊन तू काय म्हणला, आठवतं का? "एवढी तयारी करून घेतली मी." अन् त्याच दमात, "इट्स ओके बेटा, तू बेस्ट आहेस." एका तोंडानं दोन्ही. लेकरानं कोणतं खरं धरायचं?

मी म्हणलो, लेकराच्या तोंडातला घास काढून घेतलास. तू म्हणला, "तुम्ही मला आयुष्यात एकदा शाबास म्हणला न्हाईत, तुम्ही शिकवू नका." सकाळी न जेवता गाडी काढली. पोरगी गाडीत बसली न्हाई, ती तिच्या मर्जीनं इथं राह्यली हाय. मी फितवली न्हाई. सूनबाई दैवशालाला हे सांग, तिचा फोन दोनदा येऊन गेला, आवाजावरून ती रडून राह्यली व्हती.

तुहं ते शाबासचं. तू बारावीला पहिला आल्ता तव्हा मी घरासमोरच्या भितीवर तुहं नाव हातभर अक्षरात काढलं. मोठा ब्रश, निळा रंग. येणारा-जाणारा वाचायचा. ते काय व्हतं मंग?

पुंजाराम


२ मे

धम्मपाल,

तुहा कागद आला. कागद कसला, तू पालकांसाठी घेतोस त्या शिबिराचं छापील पान. 'पालकांनो, मुलांचा आत्मविश्वास वाढवा.' खाली आठ सूचना अन् तुहा सूट घातलेला फोटो. बापाला हँडबिल पाठवणारा तू पहिलाच. मी पूर्ण वाचलं, चष्मा लावून.

त्यात लिहिलंय, मुलाला 'नाही' म्हणू नका. चूक दाखवू नका, आधी कौतुक करा. रोज आरशासमोर उभं करून म्हणवून घ्या, 'मी सर्वोत्तम आहे.' तुही माय म्हणली, एकदा करून तर बघू. पोरीला आरशासमोर उभं केलं. आपला आरसा म्हंजे तुह्या लग्नातला, त्याचा अर्धा पारा गेलेला. पोरगी उभी राह्यली, "मी सर्वोत्तम आहे" म्हणली अन् मायकडं बघून विचारते, "आजी, झालं का? जाऊ?" जशी दातांच्या डॉक्टरकडं आल्ती.

आता इथं काय चाललंय ते ऐक, अन् वाचून लगेच फोन उचलू नको.

बियाण्याच्या कंपनीची एक भित रंगवायची व्हती, फाट्यावरची. मी तिला संग नेलं. घरात बसून शेळीसंग शेळी झाल्ती. सुतळीला खडू लावून रेघ मारायला दुसरं टोक कोणी तरी धरावं लागतं, तेवढंच तिचं काम. मंग एका अक्षरात रंग भरायला दिला. भरून झाल्यावर लांब उभी राहून विचारते, "आबा, चांगलं झालं का?"

मी म्हणलो, "न्हाई. कड फाटली. पुस अन् पुन्हा भर."

तुह्या पानाच्या हिशोबानं मी तिथंच लेकराचं वाटोळं केलं. अन् ती हसली. जयंतीपासून पहिल्यांदा. पुसलं, पुन्हा भरलं. पुन्हा विचारलं. मी म्हणलो, बराबर हाय. मंग ती पुढच्या अक्षराला लागली, पुन्हा विचारलं न्हाई. मला बी सारखं सारखं विचारलेलं आवडत न्हाई, बरं झालं.

तू तिला सगळ्यालाच छान म्हणतोस. चित्र काढलं, छान. भात संपवला, छान. वेणी घातली, छान. तीच मायला सांगत व्हती, पप्पा न बघताच छान म्हणतात, फोनमधी बघत बघत. वाकड्याला बी छान अन् सरळाला बी छान, मंग सरळ काढायचं कशाला?

पण घरात माझं कोणी ऐकत न्हाई, ते बी लिहितो. परवा तिला दुकानात चहापत्ती आणायला पाठवलं. रस्त्यापलीकडं दुकान, तुला म्हाईत हाय. रिकाम्या हातानं परत आली. दुकानदारानं विचारलं "काय पाहिजे?" अन् हिच्या तोंडून शब्द निघंना. तुही माय लगेच पदर खोचून गेली अन् पत्ती घेऊन आली. मी म्हणलो, "बेबीनंदा, तू काहून गेली?" तर म्हणते, "लेकराला किती छळता." मी म्हणलो, "चहा नसता पिला एक दिवस." ती म्हणली, "तुम्ही न पिता? मंग घरात कोण राह्यलं असतं?"

दुसऱ्या दिवशी मी पोरीला पुन्हा पाठवलं. माय दारात उभी, मी तिला आत बसवलं. पोरगी लई वेळ आली न्हाई. माय म्हणली, बघून या. मी म्हणलो, बस. शेवटी आली. पत्ती न्हाई, साखर आणली. मी म्हणलो, "साखर काहून?" म्हणते, "दुकानदार म्हणले, साखर पाहिजे का? मी हो म्हणले."

म्हंजे तोच बोलला अन् हिनं मान हलवली. साखर डब्यात टाकली. काळा-गोरा कसलाच चहा न्हाई त्या दिवशी. माझं डोकं दुखलं, ते वेगळं.

तुहा बाप


१३ मे

धम्मपाल,

हे होस्टेलचं काय काढलंस?

दैवशालानं मायला सांगितलं. परतूरच्या निवासी शाळेत सहावीला नाव घालणार म्हणं, पोरगी धीट व्हावी म्हणून. धीट व्हायला लोक लेकरू घराभायेर काढून राह्यलेत, हे आता कोणत्या पानावर छापलंय? तिला विचारलं का? न्हाई विचारलं. तिला जायचं न्हाई. मी सांगतो तुला, बिलकुल जायचं न्हाई. तुही माय म्हणते, होस्टेल ऐकल्यापासून पोरगी गुमसुम झाली, अर्धी भाकर सोडते. अकरा वर्षाचं लेकरू, तिला घर पाहिजे. ते नाव काढून टाक.

अन् धीट म्हणशील तर ऐक. मच्छिंद्र तुला म्हाईत हाय, वरच्या आळीचा, नवी ट्रॉली घेतलेला. मागच्या फाळक्यावर 'आई-वडिलांचा आशीर्वाद' लिहून पाहिजे व्हतं. माझा खांदा धरला व्हता, मी पोरीला म्हणलो, तू काढ. तिनं आखलं, तिनंच काढलं. मी बांधावर बसून बघत व्हतो. 'आई-वडिलांचा' एवढं मोठं काढलं की 'आशीर्वाद' ला जागाच उरली न्हाई. कोपऱ्यात कोंबला. मला अर्ध्यातच दिसलं व्हतं. जिभेच्या शेंड्यावर आल्तं. गिळलं.

संध्याकाळी मच्छिंद्र आला, कमरेवर हात. "पेंटर, माह्या मायबापाला हत्तीएवढं केलं अन् आशीर्वाद चिमटीत दिला. लोक म्हणतील, म्हातारा-म्हातारी कंजूस व्हते."

मी म्हणलो, "मी न्हाई काढलं. जिनं काढलं तिला बोल."

"हिला? ही बोलते व्हय?"

माय आतून निघाली, मी हात आडवा केला. पोरगी उभी. मच्छिंद्र उभा. शेळी तेवढी ओरडत व्हती. मच्छिंद्र म्हणला, "बोल की गं, जीभ शाळेत ठेवून आली का?" त्याला बी काही पोच न्हाई. मी पाय दाबून बसलो. तुला सांगतो, धम्मपाल, अख्ख्या जिल्ह्याच्या भिती रंगवल्या, पण असं जड काम केलं न्हाई. एक वाक्य तोंडात तयार व्हतं माह्या, अन् ते बोलायचं न्हाई.

मंग ती म्हणली, "काका, मी पुसून पुन्हा काढून देते. पण ट्रॉलीतलं खत काढा. वास येतो."

मच्छिंद्र माह्याकडं बघतो अन् मी आभाळाकडं. मंग म्हणला, "उद्या रिकामी करून आणतो, बाई." बाई म्हणला तिला. दुसऱ्या दिवशी ट्रॉली धुऊन आणली. तिनं सगळं पुसलं अन् पुन्हा काढलं. आता बराबर बसलंय. तसं पाह्यलं तर वेलांटी जरा जाड झाली, ते मी तिला सांगितलं.

त्यानंतर दुकानातून पत्ती आणती. पत्तीच आणती.

तर धीट करायला परतूरला पाठवायची गरज न्हाई. येत्या इतवारी ये अन् तिला स्वतः विचार, जायचं का म्हणून.

पुंजाराम


१९ मे

धम्मपाल,

काल आला अन् गेला. बरं केलं आला ते. पण तू विचारायला आल्ता का सांगायला, ते मला समजलं न्हाई.

गाडीतून उतरला तो हातात खोका. खोक्यात कप. नवा, त्या कमिटीच्या कपापेक्षा मोठा, वर तिचं नाव कोरलेलं. कशाचा कप? तिनं काय जिंकलं? पोरीनं हातात घेतला, 'थँक्यू पप्पा' म्हणली अन् शेळीच्या खुंट्यापाशी ठेवला. मंग तू तिला बाजेवर बसवलं. जसं झालं तसं लिहितो, मी ओट्यावरून ऐकत व्हतो.

"मोनू, मनात काय आहे ते मोकळेपणानं सांग. घाबरू नको. तुला होस्टेलची भीती वाटते ना? सुरुवातीला सगळ्यांनाच वाटते. पण तिथं तुला मैत्रिणी मिळतील. मम्मीची आठवण येईल म्हणतेस? दर महिन्याला आम्ही येऊ. भाषणाचं टेन्शन घेऊ नको, पप्पा रागावले नाहीत. पटलं ना? शाबास."

प्रश्न तुहा, उत्तर तुहं, शाबास बी तुहीच. ती फक्त तोंड उघडायची अन् मिटायची. मासा असतो तसं. तुह्या शिबिरात लोक खुर्च्यांवर बसून हेच ऐकतात का? अन् मंग टाळ्या वाजवून घरी जातात?

मी मधी पडलो असतो, पण तुही माय म्हणली, आता तुम्ही पडले तर तुम्ही दोघंच बोलसाल अन् पोरगी राहीन बाजूला. तिचं खरं व्हतं. मला ते आवडलं न्हाई, पण खरं व्हतं.

तू गेल्यावर पोरगी मायपाशी भांडी घासायला बसली. राख चोळता चोळता म्हणली, "आजी, मला पुढचं येत व्हतं."

माय म्हणली, "कशाचं पुढचं?"

"भाषणाचं. पूर्ण येत व्हतं. पप्पांनीच शिकवलं, हे वाक्य झालं की थांबायचं, लोकांकडं बघायचं, मंग पुढचं बोलायचं. मी थांबले व्हते. लोकांकडं बघत व्हते."

मायनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. मी पोरीला विचारलं, "मंग त्या दिवशी सांगितलं काहून न्हाई?" तर म्हणली, "पप्पा बोलत व्हते ना."

धम्मपाल, हे तुला कळवू का म्हणून मी तिला विचारलं. म्हणली, कळवा. बाकीचं मी स्वतः सांगीन. म्हणून लिहितो, न्हाईतर लिहिलं नसतं. थांबायला तूच शिकवलं अन् ती थांबली तर तुलाच दम निघाला न्हाई. ती विसरली न्हाई. घाबरली पण न्हाई. घाबरला तू.

तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत न्हाई. वाटलं तर वाटू दे. पण लगेच फोन करून सॉरी-बिरी म्हणू नको, त्यात बी तूच बोलशील.

तुहा बाप


२७ मे

धम्मपाल,

आठ दिवस तुहा आवाज न्हाई, मंग काल मायला फोन. माय म्हणली रडत व्हता. सूट घालून रडत व्हता का, म्हणून मी विचारलं, तर माय माह्यावर कावली. तर ते जाऊ दे.

तुही गोष्ट समजली. नाव काढून घेतो म्हणतोस, होस्टेल नको, पोरीला घरी आणतो, तिला पुन्हा कधी स्टेजवर चढवत न्हाई. म्हंजे आता तिकडचं टोक. काल कप, आज कपाटात बंद. तिला स्टेज नको, हे तरी तुला कोणी सांगितलं?

असं कर. इतवारी ये, दैवशालाला घेऊन ये. बाजेवर बस. पोरीला एकच विचार, 'तुला काय पाहिजे?' अन् गप. ती 'झालं' म्हणत न्हाई तोपस्तोर तोंड उघडायचं न्हाई. खोकला आला तर अंगणात जाऊन खोक. लागलं तर तंबाखूची पुडी देतो, तोंडात धर, म्हंजे बोलता येणार न्हाई. तंबाखू खात न्हाईस हे म्हाईत हाय, पण इलाज म्हणून.

होस्टेलचं उत्तर मला म्हाईत हाय, मी तुला आधीच लिहिलं. पण ते तिच्याच तोंडून ऐक.

पुंजाराम


४ जून

धम्मपाल,

इतवारचं झाल्यापासून माझं डोकं फिरून राह्यलंय, म्हणून लिहितो. तुह्या डोक्याचं काय चाललंय ते तू बघ.

तू बराबर बसला, हे मानलं. एकदा 'अगं पण' म्हणून तोंड उघडलं व्हतं, दैवशालानं चिमटा घेतला, मी पाह्यलं. बाकी गप व्हता. पोरगी मधी किती थांबली, मला वाटलं आता उठून जाती. कोंबडी येऊन बाजेखालून निघून गेली, तरी ती गप. अन् मंग काय म्हणली?

"मला होस्टेलला जायचंय."

तुही माय माह्याकडं बघते, मी मायकडं. इतके दिवस मी तुला कागदावर कागद लिहून राह्यलो, तिला जायचं न्हाई, बिलकुल जायचं न्हाई. मला कोण बोललं व्हतं? कोणीच न्हाई. ती भाकर सोडत व्हती ते पोटात जळजळायचं म्हणून, मायच्या कालवणात तिखट लई असतं म्हणं. विचारलं असतं तर तव्हाच सांगितलं असतं. दुकानदाराला नावं ठेवतो मी, साखर पाहिजे का म्हणून. मीच कोणता वेगळा?

अन् तिनं कारण सांगितलं ते तू ऐकलं, तरी लिहितो, कारण तुह्या चेहऱ्यावरून मला वाटलं तू अर्धंच ऐकलं. ती म्हणली, "तिथं मी कोणाची मुलगी हाये ते कोणाला म्हाईत नसन. माझं चुकलं तर माझंच चुकन." मंग म्हणली, "आणि भाषण पण करीन. पप्पांनी यायचं, पण मागं बसायचं." मंग म्हणली, "झालं."

दैवशाला रडली, ती आईच हाय, रडन. पण तू गाडीपाशी मला काय म्हणला? "दादा, एवढी लहान पोरगी, मी कसं पाठवू? तुम्हीच समजवा तिला." आरं, काल तूच पाठवत व्हता. तिला नको असन असं वाटत व्हतं तव्हा पाठवायचं व्हतं, अन् तिला पाहिजे म्हणली तर पाठवायचं न्हाई? मंग तिला विचारलं कशाला? तुही विचारायची हौस फिटली अन् तिनं सांगितलेलं गेलं कचऱ्यात. असं एकदा केलं ना, पोरगी पुन्हा जन्मात तुला काही सांगणार न्हाई. छान म्हण, कप दे, काही दे.

मला आवडतंय का? न्हाई आवडत. मला वाटलं व्हतं, जमलं तर इथंच जिल्हा परिषदेच्या शाळेत घालू. तिच्या हाताला वळण हाय, तिनं माह्यासंग भिती रंगवल्या असत्या. पण मला कोणी विचारलं न्हाई, अन् विचारू बी नका.

एकच धरून ठेव. ती वाईट निवड करन, रडन, महिन्यात परत यायचं म्हणन, काय व्हायचं ते व्हईन. पण तिनं सांगितलं अन् बापानं ऐकलं, हे एकदा झालं पाहिजे. नाव काढू नको. मी समजवणार न्हाई. समजवायचं तर तुला समजवून राह्यलो.

पुंजाराम


१७ जून

धम्मपाल,

काल परतूरहून निघताना तू बोलला न्हाई अन् मी बी बोललो न्हाई, राजानंदच्या जीपमधी बसून सरळ गावाकडं आलो. म्हणून हा कागद.

नाव काढलं न्हाईस, हे चांगलं केलं. तुला शाबास ऐकायची लई हौस हाय म्हणून लिहितो, शाबास. आता हे भितीवर काढायला लावू नको.

हेडमास्तरनं 'पालक आत या' म्हणलं अन् पोरगी म्हणली, "मी एकटी जाते, चालन का सर?" तेव्हा तुहा चेहरा मी बघितला. हेडमास्तर बी चक्रावला. पण नेलं तिला. आपण दोघं भायेर लिंबाखालच्या बाकावर. पंखा न्हाई, गरम फुफाटा. तू दाराकडं बघत व्हता, कान टवकारून. मी बी ऐकायचा प्रयत्न केला, खोटं काहून बोलू. काही ऐकू आलं न्हाई. एकदा आतून हसायचा आवाज आला, तो तिचा का हेडमास्तरचा, तुला बी कळलं न्हाई अन् मला बी न्हाई.

आत तिला काय विचारलं, ती काय बोलली, कुठं अडली, कोणाला म्हाईत न्हाई. दैवशालानं फोनवर विचारलं, तर मी म्हणलो मला काय म्हाईत. तू तिला विचारू नको. इतवारी भेटायला जाशील तव्हा बी नको. सांगायचं असन तर सांगन.

भायेर आली अन् आपल्याकडं न बघता सरळ नळाकडं गेली पाणी प्यायला. तू उठला. मी तुह्या शर्टाला मागून धरून खाली बसवला. ती पाणी पिली, तोंड पुसलं, मंग आपली आपण आली. तेवढाच वेळ लागला.

शर्टाचं बटन तुटलं म्हणून तू माह्याकडं बघत व्हता. बटन तिथंच बाकाखाली पडलं व्हतं, मी उचलून खिशात ठेवलंय. मायनं सुईत दोरा ओवून ठेवलाय. शर्ट घेऊन ये, अन् या वेळी जेवून जा.

पुंजाराम